ट्रेलर मीच ओढणार

२ फेब्रुवारी, सोमवार

ट्रेलर घ्यायचा, असं आज सकाळी ठरवलं. ठरवण्याआधी कोणाला विचारलं नाही. ठरवल्यानंतर मात्र सगळ्यांनी आपापलं मत दिलं.

सुरुवात भाऊजींनी केली. माणूस म्हणून माझे दीर वाईट नाहीत, पण चहा पोटात गेला की त्यांच्या पोटातून सल्ला बाहेर येतो. म्हणाले, "वहिनी, कापणी यंत्र अंगणात गंजवण्यापेक्षा मला विकून टाका, माझ्या नव्या यंत्राला जोड होईल. गटाची नऊ शेतं यंदा मी कापतो. दादाचा खांदा असा, ट्रेलरची ती गत. तुम्ही आता घरी आराम करा."

"मला आराम हवाय असं तुम्हाला कोणी सांगितलं?"

"अहो, तुमच्या भल्याचंच बोलतोय."

माझ्या भल्याचं बोलणारी माणसं आजकाल फार झाली आहेत. चार महिन्यांपूर्वी आमचा ट्रेलर उसाच्या वळणावर उलटला, जीप खड्ड्यात गेली आणि ह्यांचा उजवा खांदा मोडला, तेव्हापासून तर जो येतो तो माझं भलं करून जातो. यंत्राला पोचे आले, ते मी काढून घेतले. ट्रेलर भंगारात गेला. खांदा जुळला, पण हात छातीच्या वर जात नाही. डॉक्टरांनी वर्षभर गाडी चालवायची नाही असं बजावलंय.

वीस वर्षं आमची वाटणी ठरलेली होती. यंत्र मी चालवायचं, जीप ह्यांनी. आता दोन्ही मी करीन. त्यात एवढं आश्चर्य काय आहे?

शेतकरी गटाचे अध्यक्ष मास्तर आहेत. शाळेतून निवृत्त झाले तरी सगळ्यांना अजून वर्गात बसल्यासारखंच वागवतात. त्यांचा निरोप आलाय की बावीस तारखेला गटाची बैठक. यंत्र वेळेवर शेतावर पोचवायची सोय ज्याच्याकडे असेल, त्याला नऊ शेतांची गव्हाची कापणी. आमच्याकडे त्या दिवशी ट्रेलर नसला तर काम भाऊजींना जाईल. आणि काम गेलं की यंत्र ठेवून करायचं काय? मग तेही जाईल. वीस वर्षं लोक मला "यंत्रवाली बाई" म्हणून ओळखतात. त्यानंतर काय म्हणतील ते मला ऐकायचं नाही.

हे म्हणाले, "ट्रेलर नको."

का नको, ते सांगितलं नाही. उठून बाहेर गेले.

४ फेब्रुवारी, बुधवार

दुकानात ट्रेलर बघायला गेलो. ह्यांना यायचं नव्हतं, पण आले. विक्रेता तरुण, इस्त्रीचा शर्ट. मी प्रश्न विचारायचे आणि त्याने ह्यांच्याकडे बघून उत्तर द्यायचं, असा खेळ बराच वेळ चालला.

मी विचारलं, "ह्याचा यंत्र उभं करायचा पाटा जमिनीपासून किती उंच?"

तो ह्यांना म्हणाला, "साहेब, एकदम मजबूत आहे."

मग मी पिशवीतून टेप काढली आणि त्याच्या बुटांपाशी बसून मोजायला लागले. पाटा फार उंच. रॅम्प आखूड, म्हणजे चढ उभा. माझ्या यंत्राचं पोट मधेच टेकेल. एकच अ‍ॅक्सल, दोनच चाकं. ब्रेकचा पत्ता नाही. रंग मात्र छान लाल होता.

"साहेब काय म्हणतात?" शेवटी त्याने विचारलं.

"साहेब जेवायला काय आहे म्हणतात. ट्रेलरचं मी बघते," मी म्हणाले.

बाहेर आल्यावर ह्यांनी दिवसभरातला एकुलता एक प्रश्न विचारला. "यंत्र चढवणार कसं?"

"कसं म्हणजे? मामंजींच्या नियमाने."

मामंजी म्हणजे माझे सासरे, ह्या धंद्याचे मूळ पुरुष. त्यांचा नियम असा की यंत्र ट्रेलरवर उलटं, मागे मागे घेत चढवायचं, म्हणजे गिऱ्हाइकाच्या शेतात ते सरळ, तोंड पुढे करून उतरतं. गिऱ्हाइकाला यंत्राची पाठ दाखवायची नाही. मी नवीन लग्न होऊन आले तेव्हा त्यांनी मला स्वतः शिकवलं. दोन बोटं इकडेतिकडे न होता मी ते करते. आमच्या घरात मी आणि भाऊजी सोडले तर कोणाला ते इतकं सफाईने जमत नाही, आणि भाऊजींपेक्षा माझं बरं आहे.

हे घरी येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसले.

५ फेब्रुवारी, गुरुवार

भांडण झालं. वहीत खोटं लिहायचं नाही असं ठरवलंय, म्हणून लिहिते की मी वाईट बोलले.

मी म्हणाले, "डोळा तुमचा लागला आणि घरी बसायची शिक्षा मला? सकाळी अकरा वाजता, नऊ तास झोपून उठलेल्या, दोन कप चहा प्यायलेल्या माणसाचा डोळा लागतोच कसा?"

ते म्हणाले, "लागला खरा."

इस्पितळात शुद्धीवर आल्या आल्या त्यांनी हेच सांगितलं होतं. पोलिसांना, मास्तरांना, मला, सगळ्यांना. तेव्हापासून लोक त्यांना "डुलकी" म्हणतात. तोंडावर म्हणतात आणि हे हसतात. मला त्या हसण्याची चीड येते. माणसाने एकदा तरी अंगावर धावून जावं.

त्या दिवशी माझ्या बाजूचं काम चोख होतं, एवढं मला माहीत आहे. जुनं देऊन घेतलेल्या नव्या यंत्राची ती पहिलीच लांबची फेरी. हे जीपच्या चाकात हवा भरत होते, मी एकटीने यंत्र चढवलं, साखळ्या आवळल्या, प्रत्येक साखळी पायाने दाबून बघितली. पलटल्यावरसुद्धा यंत्र ट्रेलरला बांधलेलंच होतं, असं सगळ्यांनी सांगितलं. एकही साखळी तुटली नाही. मला त्याचा अभिमान वाटतो आणि तो लपवायचं कारण दिसत नाही.

पण भीतीही वाटते. जीप मी चालवते, पण मागे ट्रेलर लावून कधी नाही. हे कोणाला बोलले नाही.

९ फेब्रुवारी, सोमवार

ट्रेलर सापडला! म्हणजे अर्धा सापडला.

औजारं बनवणारा एक वेल्डर आहे. काळा चष्मा कायम कपाळावर असतो म्हणून त्याला सगळे चष्मेवाला म्हणतात. त्याच्या शेडमागे एक सांगाडा पडला होता. कोणीतरी बनवायला सांगून न्यायला आलंच नाही. दोन अ‍ॅक्सल, चार चाकं. पाटा बुटका, माझ्या गुडघ्याच्या खाली.

चष्मेवाल्याने माझ्याकडे बघूनच उत्तरं दिली. यंत्राचं वजन किती, चाकं किती रुंद, जीप कोणती, रस्ता कसा. मी सांगत गेले, तो खडूने जमिनीवर लिहीत गेला. एक टायर फुटला तरी बाकीची तीन चाकं धरून ठेवतील म्हणाला. ब्रेक बसवू, लांब रॅम्प करू, लाकडी फळ्यांऐवजी खडबडीत पत्रा घालू, म्हणजे चिखलात चाक घसरणार नाही. आठ दिवसांत देतो.

भाऊजींना वाटेत सांगितलं तर म्हणाले, "चार चाकं कशाला? माझा दोन चाकांवर मस्त चालतो. वेग घेतला की मागे जरा डुलतो, ते चालायचंच. मी जागा असतो ना."

हा टोमणा कोणावर होता ते सांगायला नको. ह्यांच्या नवऱ्यावर, म्हणजे माझ्या नवऱ्यावर. रागाने लिहिताना शब्दही उलटे पडतात.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

मास्तरांच्या बंधूंचा जुना पाण्याचा टँकर मागून आणला आणि मैदानात जीप मागे घ्यायचा सराव केला. हा प्रकार देवाने चिडून बनवला असावा. स्टिअरिंग डावीकडे वळवलं की टँकर उजवीकडे जातो, उजवीकडे वळवलं की डावीकडे, आणि सरळ धरलं की त्याला वाटेल तिकडे जातो.

हे कुंपणाच्या भिंतीवर बसून ओरडत होते, "उलटं! अगं, उलटं!"

"उंटावरून शेळ्या हाकू नका! इकडे या!"

आले. शेजारी बसले. डावा हात माझ्या हातावर ठेवून म्हणाले, "खालून धर. स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला हात ठेव. आता ट्रेलर जिकडे न्यायचा, तिकडेच हात ने."

जमलं. पहिल्याच खेपेला नाही, नवव्या खेपेला. मधे भाऊजी रस्त्याने गेले, थांबले, "नाचता येईना अंगण वाकडं!" असं ओरडले. मी जीप तशीच मागे घेत त्यांच्या मोटरसायकलच्या हातभर अलीकडे टँकर आणून उभा केला. मुद्दाम केलं. ते गेले.

हे खूप हसले. चार महिन्यांत पहिल्यांदा खरे हसले. मग एकदम म्हणाले, "मी शनिवारी जरा चष्मेवाल्याकडे जाऊन येतो."

ट्रेलर नको म्हणणारा माणूस तिकडे कशाला जातोय? बहुतेक सौदा मोडायला. मी पण बघते कसा मोडतो.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

ट्रेलर सकाळी आला. हिरवा रंग, चारही चाकं नवी. मी त्याच्याभोवती तीन फेऱ्या मारल्या. मग यंत्र सुरू केलं आणि नियमाप्रमाणे उलटं वर घेतलं.

मधेच अडकलं. ट्रेलरच्या पुढच्या टोकाला पाट्यापासून गुडघाभर उंचीवर एक आडवा लोखंडी पाइप जोडलेला. यंत्राची मागची पेटी त्याला धडकली आणि पुढची चाकं रॅम्पवरच राहिली. असा पाइप मी सांगितला नव्हता.

तडक चष्मेवाल्याकडे गेले. "हा पाइप कोणी लावायला सांगितला?"

"साहेबांनी. शनिवारी आले होते, डाव्या हाताने चित्र काढून दिलं. यंत्राचं कापायचं तोंड खाली असतं, ते पाइपाखालून जाईल. पाठ अडेल. म्हणजे यंत्र सरळच चढवावं लागेल, कोणी उलटं चढवूच शकणार नाही, असं करा म्हणाले."

"कापून टाका."

"कापतो. पण मग पुढचं मला विचारू नका." त्याने चष्मा कपाळावरून काढून हातात घेतला. "बाई, तुमच्या नव्या यंत्राचं इंजिन कुठे आहे?"

"पुढे. चालवणाऱ्याच्या पायापाशी."

"आणि जुन्याचं?"

"मागे," मी म्हणाले.

तो आत गेला आणि गॅसच्या टाक्या न्यायची दोनचाकी हातगाडी घेऊन आला. तिच्या मागच्या टोकाला सहा विटा ठेवल्या आणि दांडी माझ्या हातात दिली. "ओढत चाला." चालले. दांडी हातातून वर उचलली जात होती. "आता पळा." पळाले. पंचेचाळीस वर्षांची बाई हातगाडी घेऊन शेडभर पळते आहे, हे बघून दोन गिऱ्हाइकं थांबली. गाडीचं मागचं टोक डावी-उजवीकडे झोके घ्यायला लागलं, आणि थोड्या वेळाने मीच तिच्यामागे फरफटत होते. विटा सगळ्या पडल्या.

मग त्याने त्याच विटा पुढे, दांडीजवळ ठेवल्या. गाडी दोरीत बांधल्यासारखी सरळ आली.

"वजन पुढे असलं की ट्रेलर जीपच्या मागे येतो," चष्मेवाला म्हणाला. "वजन मागे गेलं आणि वेग आला की जीपने कुठे जायचं ते ट्रेलर ठरवतो. साहेब म्हणाले, मागच्या खेपेला असंच झालं. कोणीतरी यंत्र उलटं चढवलं होतं."

"साहेबांचा डोळा लागला होता," मी म्हणाले.

"ट्रेलर असा डुलायला लागल्यावर कोणाचा डोळा लागतो, बाई? त्या वेळी माणूस जितका जागा असतो तितका जन्मात कधी नसतो."

त्याला माहीत नव्हतं कोणी चढवलं होतं. मी सांगितलं नाही. विटा उचलून त्याच्या ढिगावर नीट रचून ठेवल्या आणि घरी आले.

आज जेवले नाही. जास्त लिहवत नाही.

१८ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी ह्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. "यंत्र मी चढवलं होतं."

दाढी करत होते. डाव्या हाताने करतात, म्हणून अर्धा तास लागतो. आरशातूनच म्हणाले, "चूक तुझी नाही. नियम बाबांचा होता. जुन्या यंत्राला तो बरोबरच होता, इंजिन मागे होतं ना. खरं कारण काय ते बाबांनी कधी सांगितलं नाही, फक्त पाठ दाखवायची नाही एवढंच. आणि मी चाकात हवा भरताना बघत होतोच की तुझ्याकडे. माझ्या तरी कुठे लक्षात आलं? वळणावर शेपूट हलली तेव्हा कळलं."

"मग डोळा लागला असं का सांगितलंत?"

"काहीतरी सांगायला हवं होतं."

"मला का नाही सांगितलंत?"

"तू मग पुन्हा यंत्राला हात लावला नसतास." त्यांनी वस्तरा धुतला. "माझा खांदा मोडलाच होता. आणखी एक नाव मोडून काय मिळालं असतं? मला डुलकी म्हणाले तर म्हणाले."

"आणि ट्रेलर नको, ते?"

"ट्रेलर घेतला की तू उलटं चढवणार. सांगितलं तर तुला कळणार. न सांगावं तर तू मरणार. मला दोन्ही नको होतं, म्हणून ट्रेलरच नको म्हटलं."

वाचणाऱ्याला वाटेल मी रडले असेन, पाया पडले असेन. नाही. मी संतापले. मी म्हणाले, "हा उपकार मागितला होता का मी? चार महिने मी तुम्हाला आळशी समजले, झोपाळू समजले, नको नको ते बोलले. तुम्ही मला तसं बोलू दिलंत! मला एवढं लेचंपेचं समजलात? माझी चूक माझी आहे. ती मला परत द्या."

त्यांच्या एका गालावर साबण तसाच होता. मी टॉवेल घेतला आणि पुसला. फार जोरात पुसला.

दिवसभर स्वतःची लाज वाटली. ते खड्ड्यात गेले नसते, झाडावर आदळले असते, तर आज मी ही वही कोणाबद्दल लिहिली असती? हा विचार करवत नाही आणि थांबवताही येत नाही.

संध्याकाळी यंत्र सरळ चढवलं. तोंड पाइपाखाली बेताने बसलं. वीस वर्षांच्या सवयीने हात दोनदा आपोआप रिव्हर्स गिअरकडे गेला, पण चढवलं.

२२ फेब्रुवारी, रविवार

बैठक गटाच्या गोदामात होती. लोक पोत्यांवर बसले होते, मास्तर एकुलत्या एका खुर्चीवर. जाताना हे दोनदा म्हणाले, "तिथे काही बोलू नकोस हं. फक्त ट्रेलर आहे एवढं सांग." मी हो म्हणाले नव्हते, गप्प बसले होते. वीस वर्षांत त्यांना त्यातला फरक कळायला हवा होता.

भाऊजी आधी बोलले. "वहिनींनी हिरवागार ट्रेलर घेतलाय, छान आहे. पण ट्रेलर नवा असला तरी घर तेच आहे. उद्या वाटेत कोणाला डुलकी लागली तर तुमचा गहू शेतातच वाळायचा."

सगळे हसले. हेही हसले, नेहमीसारखे.

मी उभी राहिले. "ह्यांचा डोळा लागला नव्हता. त्या दिवशी यंत्र मी चढवलं होतं, आणि ते चुकीचं चढवलं होतं. वजन मागे गेलं, ट्रेलर डुलला, जीप खड्ड्यात गेली. खांदा माझ्यामुळे मोडला. ह्यांनी तो आळ स्वतःवर घेतला. यापुढे ह्यांना डुलकी म्हणायचं असेल तर आधी माझ्याशी बोला."

हे माझी ओढणी धरून खाली ओढत होते. मी बसले नाही.

मग भाऊजींनाच सुचलं. "म्हणजे चूक वहिनींचीच! मग काम त्यांच्या हाती द्यायचं कशाला?"

"कारण माझी चूक मला माहीत आहे," मी म्हणाले. "भाऊजी, तुमच्या नव्या यंत्राचं इंजिन कुठे आहे?"

"पुढे. तुमच्यासारखंच. का?"

"आणि चढवता कसं?"

"कसं म्हणजे? बाबांच्या नियमाने, उल…"

बोलता बोलता थांबले. वेग घेतला की मागे डुलतं, हे त्यांनीच अख्ख्या गटाला फुशारकीने सांगितलेलं होतं. त्यांचा चेहरा उतरला तेव्हा मला बरं वाटेल असं वाटलं होतं, पण वाटलं नाही. त्यांच्या जीपमध्ये जाऊबाई शेजारी बसतात.

मास्तर म्हणाले, "चूक कबूल करणारा विद्यार्थी मला उभ्या आयुष्यात तीनदा भेटला. पाच शेतं वहिनींची. चार ह्या त्यांच्या दिराची, पण वजन कुठे ठेवायचं ते शिकल्यावर."

मला नऊच्या नऊ हवी होती. तसं मी सांगितलंही. मास्तर म्हणाले, "खाली बसा."

२ मार्च, सोमवार

आज पहिली फेरी. सकाळी साडेपाचला निघालो. यंत्र सरळ, साखळ्या आवळलेल्या, हे माझ्या शेजारी.

उसाच्या वळणाच्या अलीकडे म्हणाले, "जरा थांबव."

मी थांबवलं. वाटलं साखळी बघायची असेल. ते उतरले, दार लावलं आणि म्हणाले, "तू जा पुढे. मी चालत येतो."

दार लावल्यावरही त्यांचा डावा हात दाराची कडी सोडत नव्हता. तो बघेपर्यंत माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. ट्रेलर नको, ट्रेलर नको. मी त्यात माझा अडथळा बघितला, मग त्यांचा मोठेपणा बघितला, पण हा माणूस त्या खड्ड्यात जीपखाली दीड तास पडून होता आणि त्याला भीती वाटत असेल, हे एकदाही मनात आलं नाही. चार महिन्यांत विचारलंसुद्धा नाही.

जीप सुरू केली, वळण घेतलं. आरशात बघत होते. हे रस्त्याच्या कडेने जवळजवळ धावतच येत होते, मोडका खांदा धरून, नजर ट्रेलरच्या मागच्या टोकावर.

वळण संपल्यावर थांबले. ते आले, धापा टाकत आत बसले.

"हलला नाही," म्हणाले. "अजिबात हलला नाही."

"माहीत आहे. गाडी कोण चालवतंय?"

ते हसले. मला रडू आलं, चांगलं हुंदके देऊन आलं, पण मी जीप थांबवली नाही. सातला पोचतो असं शेतावर सांगितलं होतं, आणि सातला पोचलो.